अन्ननलिकेतल्या शिरा आणि निर्दोष लिव्हर

रक्ताची उलटी आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असं दिसलं की आधी लिव्हरवरच संशय जातो, आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होतं तेव्हा, आतड्यांकडून लिव्हरकडे येणाऱ्या पोर्टल शिरेतलं रक्त तुंबतं, आडवाटेने वर चढतं आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगवतं. आमच्याकडे आलेल्या काकांच्या चिठ्ठीवरही 'सिरॉसिस?' असंच लिहिलेलं होतं. सोबत आलेल्या काकू पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "यांनी कधी दारूला हात लावला नाही हो." सिरॉसिस दारूशिवायही होतो, पण नातेवाईक ते ऐकायला तयार नव्हते.

काका डायलिसिसवर होते. लिव्हरच्या तपासण्या नॉर्मल, प्लेटलेट्स पुरेशा, प्लीहा वाढलेली नाही. एंडोस्कोपीत निळसर शिरा दिसल्या, पण ठळक होत्या त्या अन्ननलिकेच्या वरच्या भागात. खाली येईपर्यंत त्या विरत गेल्या आणि जठराच्या तोंडाशी अस्तर अगदी साफ होतं. रक्तस्राव थांबलेला होता. फुगलेल्या शिरा रबरी बँडने बांधायच्या, म्हणजे बँडिंग, हा नेहमीचा उपाय. रेसिडेंटने मला विचारलं, "मॅडम, बँडिंगची तयारी करू?"

"थांब. आधी एंडोसोनोग्राफी करू."

कॅमेऱ्याला फक्त आतलं अस्तर दिसतं. एंडोसोनोग्राफीच्या नळीच्या टोकाला अल्ट्रासाऊंडचा प्रोब असतो, त्यामुळे भिंतीचे पाच थर आणि त्यापलीकडचंही दिसतं. यात एक पथ्य फार महत्त्वाचं. टोकावरचा पाण्याचा फुगा जास्त फुगवला तर शिरा दबून चपट्या होतात आणि पडद्यावरून नाहीशाच होतात. म्हणून मी फुगा जवळजवळ रिकामाच ठेवला आणि नळी सावकाश मागे ओढत आणली.

जठराजवळ काहीच नव्हतं. वर येताना तिसऱ्या, पांढऱ्या थरात काळ्या पोकळ्या दिसू लागल्या. भिंतीबाहेर स्नायूच्या थराला लागून तशाच आणखी होत्या, आणि स्नायू भेदून आत जाणारी एक जोडशीरही सापडली. वाहतं रक्त रंगात दाखवणारा डॉप्लर लावल्यावर सगळ्यांत रंग भरला, म्हणजे त्या शिराच होत्या. रक्त वरून खाली वाहत होतं! मणक्यालगत छातीतून वर जाणारी अझायगस शीर चांगलीच रुंदावलेली होती.

मग नळी काढून आम्ही काकांचा गळा नीट पाहिला. काका उठून बसले तरी मानेच्या शिरा टम्म होत्या. सकाळी चेहरा सुजतो, हेही विचारल्यावर कळलं. मानेतल्या शिरेतून घातलेला डायलिसिसचा कॅथेटर (नळी) बराच काळ तिथेच होता. सीटीत निदान पक्कं झालं: डोकं आणि हातांकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर, सुपीरिअर व्हेना कॅव्हा, अझायगस मिळते त्याच्या वरच आवळली होती. अडलेल्या रक्ताने अन्ननलिकेभोवतालच्या शिरांतून अझायगसची वाट धरली होती. नुसते बँड लावले असते तर मूळ अडथळा तसाच राहिला असता.

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टने बलूनने ती शीर उघडून स्टेंट बसवला. कॅथेटरची जागाही बदलली. डिस्चार्जच्या कागदावर 'लिव्हरचा आजार आढळला नाही' हे मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलं. काकूंनी ती ओळ सोबतच्या दिरांना मोठ्याने वाचून दाखवायला लावली.

फेरतपासणीत शिरा बऱ्याच बसल्या होत्या. रक्तस्राव पुन्हा झाला नव्हता. आता डायलिसिसचा रुग्ण रक्ताची उलटी घेऊन आला की मी लिव्हरचे रिपोर्ट मागतेच, पण त्याआधी त्याची मान आणि छातीवरच्या शिरा बघते.