विड्याच्या पानातलं औषध शोधताना

आज इनक्युबेटरमधून प्लेट काढली, उजेडाकडे धरली आणि मॅडमना हाकच मारली. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूंच्या दाट थरात पानातला घटक लावलेल्या एका डिस्कभोवती (छोट्या चकतीभोवती) लख्ख वर्तुळ! नुसतं द्रावक लावलेल्या शेजारच्या डिस्कभोवती काहीच नाही. म्हणजे जंतू रोखले ते पानातल्या घटकानंच.

विड्याच्या पानाची नागवेल ही मिरी आणि पिंपळीच्याच कुळातली. मिरीला तिखटपणा देणारं पायपरिन ओर्स्टेड या शास्त्रज्ञानं १८१९ सालीच वेगळं केलं होतं. विजेचा नि चुंबकत्वाचा संबंध दाखवणारा तोच हा ओर्स्टेड. किती अफाट माणूस!

सोलापूरच्या उन्हाळ्यात कॉलम चालवणं, म्हणजे सिलिकाची भुकटी भरलेल्या नळीतून पानाचा अर्क सोडून त्यातले घटक वेगळे करणं, ही कसोटीच. हेक्झेन हे द्रावक भराभर उडतं, सिलिका कोरडी पडली की तडे जातात आणि वेगळे झालेले घटक पुन्हा मिसळतात. म्हणून सकाळी लवकर सुरुवात करायची. आधी पिवळा पट्टा उतरतो, मागून हरितद्रव्याचा हिरवागार. दिसायला देखणे, पण मला हवं ते नंतर येतं, दुसरं द्रावक इथाइल अ‍ॅसिटेट वाढवल्यावर, जवळजवळ रंगहीन. टीएलसीवर (घटक वेगळे दाखवणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर) २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली काळसर ठिपका, फेरिक क्लोराइड फवारलं की गडद हिरवट. विड्याच्या पानातलं हायड्रॉक्सीचॅविकॉल हे संयुग असावं, पण एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) झाल्याशिवाय नाव लावणार नाही.

मावशीचा लगेच फोन, "मग जेवल्यावर पान खाल्लेलं चांगलंच की गं!" मावशी, नुसतं पान खा. सुपारी आणि तंबाखू दोन्ही कर्करोग करतात, ते हात जोडून सांगते. आणि प्लेटवर जंतू थांबले म्हणून औषध तयार झालं असंही नाही, पेशींवरच्या चाचण्या अजून बाकी आहेत.

उद्या एमआयसी लावतेय, म्हणजे जंतू रोखायला कमीत कमी किती मात्रा लागते ते बघायचं.