बाबांची वही

समोरच्यांची गाडी रिव्हर्सला पडली की बीथोव्हेन वाजतो. गल्लीतल्या पोरांसाठी तो गाडी मागे येण्याचा आवाज, बस. कॉलेज संपेपर्यंत मलाही माहीत नव्हतं, की या टिंटिंटिंटिंला 'फर एलिझ', म्हणजे 'एलिझसाठी', असं नाव आहे, ते १८१० साली लिहिलं गेलं आणि छापलं गेलं थेट १८६७ मध्ये, हा जर्मन संगीतकार जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर. एलिझ कोण, यावर अभ्यासक अजून भांडतात. आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात तिचा उपयोग एवढाच, की पोरं विटांचे स्टम्प उचलून बाजूला होतात.

फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले बाबा मात्र हलत नाहीत. त्यांना ऐकूच येत नाही. कानाची मशीन आणली, तर दोन दिवसांत डबीत गेली. "मशीन लावली का अख्खी बर्डी कानात शिरते," म्हणाले. बर्डी म्हणजे सीताबर्डी, आमचा गजबजलेला बाजार. मग दोनशे पानी वही आणली, सुतळीनं पेन बांधून खुर्चीला अडकवली. आम्ही लिहायचं, ते बोलणार.

तसं मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि कूलर धडधडू लागला, की नागपुरात सगळेच बहिरे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाका मारून घसा बसतो. तेव्हा मीही सरळ वही ओढते.

बीथोव्हेनकडेही अशाच वह्या होत्या. तिशीच्या आधीच कान दगा देऊ लागले आणि १८१८ पासून भेटायला येणारे वहीत लिहू लागले. १८२४ मध्ये नवव्या सिंफनीला टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पाठमोऱ्या बीथोव्हेनला गायिकेनं वळवून तो दाखवला, ही गोष्ट सगळेच सांगतात. मला वह्याच आवडतात. शंभरावर उरल्यात. त्यांत सिंफनीसोबत घरभाडं आहे, स्वयंपाकीण आहे, पुतण्याची काळजी आहे, बाजाराच्या याद्या आणि हिशेब आहेत. या माणसाला गुणाकार येत नसे, तो बेरजांवर भागवायचा.

गंमत म्हणजे तो स्वतः बहुतेक तोंडीच उत्तर द्यायचा. म्हणून वहीत उरलं ते समोरच्याचं बोलणं. अभ्यासकांना प्रश्नांवरून उत्तरं ताडावी लागतात.

परवा बाबांची जुनी वही चाळली. 'भरीत करू का?' 'बीपीची गोळी घेतली?' 'कूलरमध्ये पाणी टाकलं कोणी?' 'आत्याचा फोन होता, येतेय.' त्याखाली, अक्षर थोडं दाबून, 'चिडताय कशाला?' कशावर चिडले होते, काही केल्या आठवेना. भरीत झालं की नाही, तेही नाही. आत्या यायची म्हटल्यावर चिडले असतील, हा आपला माझा अंदाज.

तेवढ्यात बाहेर टिंटिंटिंटिं सुरू झालं. वही घेऊन धावत गेले आणि घाईघाईत लिहिलं, 'गाडी मागे येतेय, पाय घ्या.'

बाबांनी चष्मा सारखा केला, सावकाश वाचलं, आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "दिसून राहिली ना मले! आंधळा हाओ का मी?"

पाय तेवढे घेतले.