तुटक रेषेतला बीम

मंगळवारी दुपारी मी बंगल्याच्या कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये जिन्यावरून सेक्शनची, म्हणजे उभ्या छेदाची, रेषा ओढली, तेव्हा साइटवर पहिल्या मजल्याच्या स्लॅबची सळई बांधून होत आली होती. गुरुवारी काँक्रीट भरायचं होतं.

आमचं आर्किटेक्टचं ऑफिस कोल्हापुरात, चार माणसांचं. सर, मी आणि दोन ज्युनिअर. सरांची सुरुवात ट्रेसिंग पेपरवर झालेली. रोटरिंगच्या पेनाने ओढलेली रेषा चुकली की ब्लेडने खरवडायची, अमोनिया प्रिंट काढून साइटवर जायचं. नंतर कॉम्प्युटरवर रेषा ओढायचं ऑटोकॅड आलं आणि तेही त्यांनी मनापासून शिकून घेतलं. इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या रिव्हिटला मात्र त्यांचा विरोध होता. सगळ्यात खुपत होतं ते वर्षाचं भाडं. ऑटोकॅड आम्ही एकदाच पैसे भरून घेतलं होतं, पण २०१६ मध्ये ऑटोडेस्कने बहुतेक सॉफ्टवेअरची तशी कायमची लायसन्स विकणं बंद केलं. लहान ऑफिसला हा खर्च जड जातो, सरांचं चूक नव्हतं. तरी माझ्या हट्टाखातर त्यांनी एक लायसन्स घेतलं आणि बजावलं, "नवं काम यावर घेऊ नकोस. जे नकाशे तयार आहेत, त्यावर हात बसव."

पहिले काही आठवडे माझा वेग निम्म्यावर आला. ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. इथे भिंत काढायला घेतली की ती कशाची, किती जाडीची, कुठल्या लेव्हलपासून कुठल्या लेव्हलपर्यंत, हे ठरवावं लागतं. जिन्याला खालची लेव्हल, वरची लेव्हल, रायझर म्हणजे पायरीची उंची, ट्रेड म्हणजे पाय ठेवायची रुंदी. यातल्या कितीतरी गोष्टी आम्ही आजवर साइटवर, मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून ठरवत आलो होतो.

सरावाला मी चालू बंगल्याचंच काम घेतलं. तळमजला आणि पहिला मजला, मजल्याची उंची ३०६० मिलिमीटर, १७० चे अठरा रायझर, २५० चा ट्रेड. गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना, त्यामुळे आतल्या जिन्याच्या पहिल्या फ्लाइटवर, म्हणजे पायऱ्यांच्या पहिल्या सलग टप्प्यावर, वरपर्यंत मोकळी जागा. मधल्या काळात घरातल्या काकूंनी पहिल्या मजल्यावरचं देवघर मोठं मागितलं. आम्ही ते एक मीटरने पुढे, त्या मोकळ्या जागेत ओढलं. फर्स्ट फ्लोअर प्लॅन सुधारला, काकूंनी पाहिला, पसंत केला. काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या आरसीसी कन्सल्टंटकडे प्लॅन गेला, त्यांनी देवघराच्या कडेला बीम दिला, स्लॅब धरून ४५० खोल.

सेक्शन कुणीच सुधारला नाही. आमचा सेक्शन हॉलमधून जात होता, जिन्यातून नव्हताच. आणि प्लॅनमध्ये बीम म्हणजे दोन तुटक रेषा. त्या रेषांना खोली नसते. ग्राउंड फ्लोअरच्या प्लॅनवर त्या चौथ्या पायरीवरून जात होत्या, आम्ही चौघांनीही त्या पाहिल्या होत्या.

मॉडेलमध्ये त्याच बीमचा तळ पाचव्या पायरीच्या नाकापासून, म्हणजे पुढच्या कडेपासून, १७६० वर दिसला. पाच फूट नऊ इंच. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे जिन्यात डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची हवी. मी तीनदा मोजलं. पहिल्यांदा वाटलं, लेव्हल मीच चुकीची दिली असेल. मग कागदावर हाताने गणित केलं, तेच आलं.

सरांना हाक मारली. ते मागे उभे राहून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून फोन काढून थेट मिस्त्रींना लावला. "आबा, जिन्याकडचा बीम थांबवा. बाकीचं चालू दे." पलीकडून आबा म्हणाले, "सायेब, रिंगा बांधून झाल्यात की!" सर म्हणाले, "सोडाव्या लागतील. चूक आमची आहे, मजुरी आमच्याकडून घ्या."

पुढचा तासभर मी कधी विसरणार नाही. तोडगा सॉफ्टवेअरने दिला नाही, सरांनी दिला. "बीम उलटा घे," ते म्हणाले. म्हणजे बीम स्लॅबच्या खाली लोंबण्याऐवजी वर, देवघराच्या भिंतीतच दडलेला. मी बदल केला. खाली फक्त १२५ चा स्लॅब राहिला, उंची २०८५ झाली. तरी कमीच. "आता एक पायरी मागे ओढ." देवघराची कड २५० ने मागे घेतली, तेव्हा २२५५ आली. एकीकडे कड सरकवली की प्लॅन, सेक्शन, बीमची लांबी सगळं एकदम बदलत होतं. सर खुर्ची ओढून बसले. रिव्हिट हे नावच 'रिव्हाइज इट'वरून आलंय, ते त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने कळलं.

कन्सल्टंट संध्याकाळीच साइटवर आले. स्लॅबच्या सळया उलट्या बीमच्या खालच्या सळयांवरून गेल्या पाहिजेत, नाहीतर स्लॅबचा भार रिंगांवर, म्हणजे बीमच्या सळयांना वेढणाऱ्या कड्यांवर, नीट येत नाही. ते त्यांनी स्वतः वाकून तपासलं. काँक्रीट गुरुवारऐवजी शनिवारी झालं.

काकूंना सांगायचं काम माझ्याकडे आलं. देवघर दहा इंचांनी लहान झालं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला, मॉडेलमध्ये त्यांच्या मुलाच्या उंचीचा माणूस पाचव्या पायरीवर उभा केला, आधी जुना बीम दाखवला, मग नवा. त्यांनी प्लॅन पसंत केला होता, पण तो त्यांना वाचता येत नव्हता, हे मला तेव्हा उमगलं, आणि त्याचं वाईट वाटलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"अगं, हे असं आतूनही दिसतं का?" त्यांनी विचारलं. "मग जरा देवघराकडे फिरव. ही खिडकी देवांच्या इतक्या जवळ आहे? समई कशी राहील तिथे पेटती?"

मी खिडकी सरकवायला घेतली.