तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेऱ्याचे रिव्ह्यू खरे मानायचे का?

"दादा, एकजण म्हणतो डोळे झाकून घ्या, दुसरा म्हणतो चुकूनही घेऊ नका. खरं कुणाचं मानायचं?" २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय, तसा हा प्रश्न नाशकात मला वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांची अडचणही साधारण सारखीच असते. मोबाइलवर भागत नाही, फुल फ्रेम (म्हणजे प्रतिमा टिपणारी चिप, सेन्सर, मोठी असलेला कॅमेरा) परवडत नाही, म्हणून नजर निकॉन डी७२००, डी७५०० किंवा कॅनन ८०डी, ९०डी अशा मधल्या किमतीच्या डीएसएलआरवर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांवर.

माझं उत्तर असं की कौतुकाचे परिच्छेद सोडून द्या आणि तक्रारी नीट वाचा. कौतुक सगळ्यांचं सारखंच असतं. लिहिणारा न्यायाने वागलाय की नाही, हे तो खोट कशी सांगतो त्यावरून कळतं.

डी७५०० चंच घ्या. २०१७ साली तो आला आणि ओरड झाली ती मेमरी कार्डावरून. आधीच्या डी७२०० ला दोन स्लॉट होते, याला एकच. एवढ्यावरून कॅमेरा निकालात काढणारा रिव्ह्यू मला न्याय्य वाटत नाही, आणि ही गोष्ट एका ओळीत उरकणाराही नाही. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याचं कार्ड ऐन वेळी खराब झालं तर मुहूर्त पुन्हा लागत नाही. त्याने दोन स्लॉटचाच कॅमेरा घ्यावा. पक्षी टिपणाऱ्याला मात्र डी७२०० च्या सेकंदाला सहा फ्रेमपेक्षा डी७५०० च्या आठ फ्रेम जास्त उपयोगाच्या. आणखी एक: जुनी, हाताने फोकस करायची निक्कोर (निकॉनचीच) लेन्स लावली तर डी७२०० एक्सपोजर, म्हणजे फोटोला किती उजेड हवा ते, मोजतो, डी७५०० मोजत नाही. वडिलांची तशी लेन्स तुमच्या कपाटात जपून ठेवलेली असेल, तर तुमच्यासाठी हीच सगळ्यात मोठी बातमी आहे. कोणती खोट कुणाला भोवेल हे ज्याने सांगितलं, त्याने आपलं काम चोख केलं.

दुसरी तक्रार फोकसची, आणि इथे फार अन्याय होतो. हिवाळ्यात सकाळी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूला उभे राहा. पाण्यावर धुकं असतं, आणि पाणकणसाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी अर्धी दिसते, अर्धी नाही. ८०डी चे फोकस धरायचे सगळे ४५ पॉइंट चालू ठेवून निवड कॅमेऱ्यावर सोडली, तर तो बहुतेक वेळा जवळचं पान धरतो. पक्षी धूसर, पानाची कड मात्र सुरीसारखी धारदार. तोच कॅमेरा एका पॉइंटवर आणा, तो पॉइंट तिच्या कपाळावरच्या लाल ढालीवर ठेवा, फोकस बसतो. आता "पक्ष्यांसाठी फोकस कच्चा" असं लिहिणाऱ्याने लेन्स कोणती होती, किती पॉइंट चालू होते आणि उजेड कसा होता हे सांगितलंय का, ते शोधा. सांगितलं नसेल, तर तो दोष कॅमेऱ्याच्या माथी मारायचा अधिकार त्याला नाही. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सची कमजोरी बॉडीच्या, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याच्या, नावावर लिहिलेली मी कितीदा तरी वाचली आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ते वाचून एखादा मुलगा चांगला कॅमेरा नाकारतो.

सावल्या उचलायची टेस्टही अशीच. फोटो मुद्दाम पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) अंधारा काढतात, मग कॉम्प्युटरवर उजळतात आणि सावलीत किती रवाळ कण दिसतात ते मोजतात. कमी आयएसओवर (आयएसओ म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता) कॅननचा ७०डी त्यात निकॉनच्या मागे पडत असे, ८०डी ने ते अंतर बरंच कमी केलं. टेस्ट खरी आहे, मी ती मानतो. पहाटे अंजनेरीवर ट्रायपॉड लावून आयएसओ १०० वर निसर्गचित्रं काढणाऱ्याला तिचा फायदाही दिसेल. पण रामकुंडावर गोदाआरतीच्या वेळी, हातात कॅमेरा धरून आयएसओ ३२०० वर, सारख्या आकाराच्या सेन्सरमधला हा फरक जवळपास मिटतो. हे न सांगता नुसत्या गुणांवरून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली बसवणं चूक आहे.

रिव्ह्यू कधी लिहिला, तेही बघा. निकॉन डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला. स्वस्तातला फुल फ्रेम म्हणून त्याचं स्वागत झालं. वापरणाऱ्यांना पुढे फोटोंत डाग दिसू लागले: सेन्सरवर धूळ आणि तेलाचे शिंतोडे. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने सफाईबद्दल सूचना काढली, ऑक्टोबरमध्ये डी६१० आणला आणि २०१४ मध्ये डी६०० चे शटर फुकट बदलून देऊ केले. थोड्या दिवसांसाठी हाती आलेल्या कॅमेऱ्यात हे ध्यानात येणं अवघड होतं, म्हणून पहिल्या रिव्ह्यूंना मी खोटं म्हणणार नाही. पण ज्यांनी परत येऊन आपल्या लिखाणात भर घातली, त्यांच्यावर माझा भरवसा वाढला.

पैशाचं म्हणाल, तर कंपनीशी देणंघेणं असेल तर ते उघड सांगावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये काढली आहेत. कॅमेरा कंपनीकडून आलेला आहे की स्वतः घेतलेला, हे बघाच. त्याहून बारीक गोष्ट खरेदीच्या लिंकची. त्या लिंकवरून तुम्ही कुठलाही कॅमेरा घेतलात तरी लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. त्यामुळे त्याचा कल एखाद्या कंपनीकडे नसेलही, पण तुम्ही काहीतरी घ्यावं याकडे असू शकतो. म्हणून "तुमच्याकडचा जुना कॅमेरा पुरेसा आहे" असं जो लिहितो, त्याचं बाकीचं मत मी जास्त लक्ष देऊन वाचतो. त्या वाक्याने त्याचं नुकसान होतं.

दुकानांच्या साइटवरचे तारे फार मनावर घेऊ नका. खोका फाटका आला म्हणून एक तारा, आणि खोका उघडायच्या आधीच पाच.

आता यातले बरेचसे कॅमेरे सेकंड हँड घ्यावे लागतात, आणि नव्या कॅमेऱ्यावरचा कितीही प्रामाणिक रिव्ह्यू तिथे थांबतो. शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं ते, विचारा. डी७२०० आणि डी७५०० चं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, ९०डी चं एक लाख वीस हजार, ८०डी चं एक लाख. निकॉनच्या फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या नोंदीत, हा आकडा मिळतो, कॅननसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. विकणाऱ्याला त्याच दिवशी काढलेली मूळ फाइल पाठवायला सांगा. सोबत एफ/१६ वर (लेन्सचं छिद्र बरंच लहान करून) काढलेला मोकळ्या आभाळाचा एक फोटोही मागा, सेन्सरवर डाग असतील तर त्यात दिसतील.