पंपावर आणि बंदरावर
आज दापोलीत पंपावर दोनशेचं पेट्रोल टाकताना भरपूर कुरकुर केली. 2021 साली दराने शंभरी ओलांडली, तेव्हापासून तोंडात हेच. पुढे टपरीवर वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतली, वेफर्स घेतले, भाव विचारलासुद्धा नाही. घरी विहिरीला एवढं गोड पाणी असताना!

संध्याकाळी हर्णै बंदरात लिलाव बघायला थांबलो. एका तांडेल (होडीचे कप्तान) काकांनी टोपली तिरकी करून दाखवली, तळाला जेमतेम बांगडे. हाताला खवले, डिझेलचा वास. म्हणाले, "डिझेलचे पण सुटले नाय आज." मच्छीमारांना डिझेलवरच्या व्हॅटचा, म्हणजे कराचा, परतावा मिळतो, पण आधी पैसे मोजावेच लागतात. कुरकुरायचा खरा हक्क त्यांचा.

शेजारच्या मावशींकडून दोन वाटे घेतले. घासाघीस केली नाही.