सेन्सर चांगला निघाला

सकाळी सांगलीतून निघताना गाडी पहिल्या सेल्फला लागायची. तासगावला कॉलेजवर पोचायची, संध्याकाळी तिथूनही विनातक्रार निघायची. घोडं अडायचं ते परतीच्या वाटेवर कवलापुरात. दूध घ्यायला दहा मिनिटं थांबलं की परत लागायचं नावच नाही. सेल्फ नुसता फिरायचा आणि पेट्रोलचा भपकारा यायचा. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला की खोकत खोकत लागायची, मागे काळा धूर सोडत. १७ चं अ‍ॅव्हरेज १३ वर आलं होतं.

गाडी २०१२ ची, पेट्रोल. एका गॅरेजात सरळ पंप बदलायला सांगितला. मला ते पटलं नाही. पंप कमी पेट्रोल देत असता तर एवढा वास कशाला येईल? शिवाय अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर बऱ्याच गाड्यांत ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल बंद करतो, ओव्हर झालेलं निघून जावं म्हणून. तसं केल्यावरच लागत होती, म्हणजे पेट्रोल जास्त होत होतं. तेही फक्त गरम इंजिनात. इंजिन तापलंय हे ईसीएमला कळतच नसावं, थंड समजून तो जास्त पेट्रोल सोडत असावा, आणि तापमान त्याला सांगणारा असतो कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, सेन्सर.

मी कॉलेजात फिजिक्सची लॅब सांभाळते, त्यामुळे हा सेन्सर मला परका नाही. आत साधा थर्मिस्टर असतो. तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरतो. माझ्या गाडीच्या सेन्सरचा २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास.

आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी स्कॅनर लावला. ईसीएमने नोंदवलेला बिघाडाचा एकही कोड नाही. “ताई, सेन्सर गेला असता तर दिवा लागला असता,” ते म्हणाले. पण वायर पूर्ण तुटली किंवा शॉर्ट झाली तर कोड येतो. आकडा चुकीचा असूनही शक्यतेतला असेल, तर ईसीएम बहुतेक वेळा त्यावर विश्वास ठेवतो. मी त्यांना लाइव्ह आकडे दाखवायला सांगितलं. तासगावहून नुकतीच आलेली गाडी, रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावला तर चटका बसत होता, आणि स्क्रीनवर कूलंट ५७ अंश!

मेस्त्रींना थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे कूलंट सोडणारी झडप) उघडा अडकल्याची शंका आली. शंका रास्तच, त्यानेही आकडा खाली राहतो. पण मग होज एवढा पोळला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीची चावी नुसती ऑन केली. आत येणाऱ्या हवेचं तापमान २४, कूलंटचं २०. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. चारच अंशांचा फरक, सहज नजरेआड झाला असता. सेन्सर काढला, घरी पातेल्यात पाणी तापवून त्यात फक्त टोक बुडवलं आणि मल्टीमीटर लावला. ८० अंशाला ३२० ओहम. पाणी निवत गेलं तसे सगळे आकडे जागच्या जागी. सेन्सर उत्तम होता.

मग राहिली वायर. सेन्सर परत बसवला, पण त्याला वायर जोडणारा कपलर सुटाच ठेवला. स्क्रीनवर उणे ४०, बरोबर. मग कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. आकडा १३० च्या वर उडायला हवा होता. तो ७३ वर जाऊन थांबला. सेन्सर सर्किटमध्ये नसतानाही वाटेत कुठेतरी ४०० ओहम बसलेले होते!

तिथेच सगळं उलगडलं. थंड इंजिनात दोन हजारांत चारशे मिळाले तर चार अंशांचा फरक. तापलेल्या इंजिनात अडीचशेत तेच चारशे मिळाले की ८८ चे थेट ५७. सकाळी गाडी शहाण्यासारखी का वागायची, त्याचं उत्तर हे. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा मला फार आनंद झाला.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि पोटात गोळा आला. माझ्या गाडीत रेडिएटरचा पंखाही ईसीएम याच आकड्यावर चालू करतो. एसी लावला की पंखा फिरतोच, म्हणून उन्हाळ्यात काही जाणवलं नाही. पण थंडीत, एसी बंद ठेवून ट्रॅफिकमध्ये अडकले असते तर इंजिन उकळलं असतं, आणि ईसीएमच्या लेखी ते साठच्याच घरात राहिलं असतं. धोक्याचा दिवाही लागला नसता.

कपलरच्या मागची रबरी टोपी सरकवली. एक वायर पिनेत जिथे दाबून बसवलेली असते तिथे हिरवट पूड जमली होती, आणि तांब्याच्या दोन-तीनच तारा शाबूत होत्या. गेल्या पावसाळ्यात वरचा होज गळत होता, तेव्हा कूलंट तिथेच ठिबकायचं. मेस्त्रींनी दोन इंच वायर कापून टाकली, नवा कपलर लावला, जोड सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. खर्च तीनशे रुपये.

आता आकडा ८८ ला असतो. काल एसी बंद ठेवून गाडी दारात मुद्दाम चालू ठेवली आणि स्क्रीनकडे बघत बसले. ९६ ला पंखा फिरला. मेस्त्रींनी तो जुना कपलर मागून घेतला आणि हाताखालच्या पोरांना दाखवायला गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलाय.