यातलं तू वाचलेलं दे

रविवार, रात्री साडेअकरा.

आईंनी काल विचारलं ते एवढंच. "त्या पाटीत अक्षरं मोठी करता येत्यात म्हणं. मग मला एक चांगलं पुस्तक काढून दे की. यातलं तू वाचलेलं दे."

ई-पुस्तकं वाचायच्या रीडरला त्या पाटी म्हणतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक टाइप त्यांना दिसत नाही. पेपरातले मथळे वाचतात आणि खालची बातमी स्वतःच्या मनानं रचतात. (बऱ्याचदा त्यांचीच बरी असते.) मी उत्साहानं शेजारी बसले, यादी उघडली, सरकवली, आणखी सरकवली. शेवटी "चार्जिंग कमी आहे, उद्या देते" म्हणून उठले. चार्जिंग खरंच कमी होतं. त्याकडे नंतर येते.

"वाचलेलं" ही अट त्यांनी घातली नसती तर मी केव्हाच काहीतरी काढून दिलं असतं. साने गुरुजी आहेत, गडकरी आहेत, हरिभाऊ आपटे आहेत. तसं पाहिलं तर सगळेच आहेत. आज भाजी निवडताना, दळण आणताना, दुपारी पडले असताना तेच डोक्यात. चिडावं असं त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि तरी चिडल्यासारखं होतंय.

धाकट्या लेकीनं रीडर पाठवला तेव्हा सोबत चिठ्ठी होती, "आता तरी वाच." फोन नाही, नुसती चिठ्ठी. असो. पहिल्याच रात्री मला कळलं की जगात फुकट पुस्तकांना तोटा नाही. मायकेल हार्ट नावाच्या माणसानं 1971 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा कॉम्प्युटरवर टाइप केला, त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग उभं राहिलं. आज तिथं 70,000 हून जास्त पुस्तकं आहेत, बहुतेक इंग्रजी. मी तिथून काय घेतलं? जाडजूड रशियन कादंबऱ्या, दोन-तीन प्रवासवर्णनं आणि मधमाश्या पाळण्यावरचं एक जुनं पुस्तक. आमच्याकडे अंगण नाही. बाल्कनीत दोन तुळशी आणि ह्यांची सायकल.

मग मराठीकडे वळले. विकिस्रोत, ई साहित्य प्रतिष्ठान, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची संकेतस्थळावरची पुस्तकं. मंडळाची पुस्तकं तर अशी की दुकानात दिसली असती तर किंमत बघून परत ठेवली असती. पण ती पीडीएफ. सहा इंची पडद्यावर अख्खं पान मावतं खरं, पण अक्षर मुंगीएवढं. मोठं करायला जावं तर ओळीचा अर्धा भाग बाहेर. त्यातलं एक मी कुठल्याशा साइटवर टाकून बदलून घेतलं, तर जुन्या डीटीपी फॉन्टमुळे वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन आले. तरी ते पुस्तक मी काढून टाकलेलं नाही. का नाही? जागा आहे म्हणून. सोळा जीबी! साधं मजकुराचं पुस्तक एका एमबीतसुद्धा बसतं. हा हिशेब कळला तेव्हाच माझा हात सुटला.

ॲपमधून शून्य रुपयाचं पुस्तक घेतलं की ईमेलवर बिल येतं, खरेदीबद्दल आभार. आभार मानले की मला आणखी घ्यावंसं वाटतं. आम्ही उन्हाळ्यात सांडगे-पापड डबे भरभरून करतो, पण ते निदान पावसाळा संपेपर्यंत संपतात.

पूर्वी असं नव्हतं. कुणी पुस्तक मागितलं की माझा हात आपोआप कपाटाकडे जायचा. बाळंतिणीला विनोदी, तेही टाके वाळल्यावर. ज्या घरात दुःख झालंय तिथं तेराव्यानंतर प्रवासवर्णन. अशा वेळी कादंबरी देऊ नये हे माझं ठाम मत. दहावीची परीक्षा झालेल्या पोरांना शिकारकथा. सगळी वाचलेली, त्यामुळे देताना "पहिली वीस पानं सोसा, मग सुटत नाही" असं सांगता यायचं. गल्लीत माझी तेवढी एक पत होती. परत न आलेल्या पुस्तकांची नावं आणि माणसं अजून पाठ आहेत.

वन्सं गडहिंग्लजहून आल्यात. मी यादी सरकवताना त्यांनी पाहिलं. रात्री स्वयंपाकघरात म्हणाल्या, "वैनी, पुरात पुस्तकं गेली न्हवं, म्हणून तू हे साठवायलीस." आमच्या घरात कशाचंही खापर पुरावर फोडायची पद्धत आहे. ह्यांचं गुडघं, माझं बीपी, धाकटीचं पुण्याला जाणं, सगळं 2019 मुळं. मी म्हटलं, तसं काही नाही वन्सं. त्या "व्हय, व्हय" म्हणाल्या आणि भांडी पुसत राहिल्या.

तसं काही नाही म्हटलं, पण आता लिहिते. इथं कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशाऱ्यावर गेली की आमच्या गल्लीत लोक बोलायला लागतात आणि 43 ला, म्हणजे धोक्याला गप्प होतात. त्या ऑगस्टमध्ये ती पन्नासच्या वर गेली. पाणी उतरल्यावर आम्ही खालच्या घरात गेलो, तर पुस्तकं जागच्या जागी होती. सगळी. फक्त फुगली होती, आणि फुगून एकमेकांत अशी घट्ट बसली होती की एकही ओढून निघेना. ह्यांनी शेवटी पहारीनं फळी तोडली. बाबांचे दिवाळी अंक एकच लगदा होऊन बाहेर आले. ओली रद्दी रद्दीवालासुद्धा घेत नाही. गाद्या, चिखल आणि ते एकाच डंपरमध्ये गेलं. 2021 ला पाणी परत आलं, तेव्हा खाली भिजण्यासारखं आम्ही काही ठेवलंच नव्हतं.

हे सगळं खरं आहे आणि तरी वन्संचं पटत नाही. पुरात गेलेली पुस्तकं मी परत गोळा करत असते तर तीच शोधली असती ना? रीडरमध्ये त्यातलं फार थोडं आहे. गेलेल्यांतली बहुतेक फुकट मिळायची नाहीत. आपल्याकडे लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं पुस्तकांवर कॉपीराइटचा हक्क राहतो. आधी 50 होती. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपायला आली तेव्हा, 1992 साली, सरकारनं ती दहानं वाढवली. साने गुरुजी 1950 ला गेले, म्हणजे 1 जानेवारी 2011 पासून मोकळे. इथं राजाराम कॉलेजात शिकवलेले माधव जूलियन 1939 ला गेले, ते तर केव्हाचे मोकळे. पण खांडेकर? ज्यांचं संग्रहालय विद्यापीठात आहे, जे आमच्या गावचे, ते 1976 ला गेले. म्हणजे 1 जानेवारी 2037. कोवाडचे रणजित देसाई 2053. पु. ल. 2061.

हे मी वहीत लिहून ठेवलंय. अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही 1969 चे, म्हणून 2030 समोर दोघांची नावं एका ओळीत. लेखक गेल्याची सालं कुणी मांडून बसतं का? ही वही ह्यांना दाखवलेली नाही. ते काही बोलणार नाहीत, आणि त्यांचं न बोलणं मला ओळखू येतं.

बरं, खांडेकर वाचायला 2037 कशाला हवं? भवानी मंडपाजवळ करवीर नगर वाचन मंदिर आहे, 1850 पासून आहे. बाबा सायकलच्या दांड्यावर बसवून न्यायचे. पुस्तक परत करायची तारीख असायची, म्हणून ते वाचून व्हायचं. शेवटची चाळीस पानं मी एकदा रिक्षात वाचलीत. रीडरमधलं पुस्तक कुणी परत मागत नाही. आईंनी पहिल्यांदा मागितलं, आणि माझ्याकडे द्यायला नव्हतं.

काल रात्री मग ठरवून बसले. सकाळी आईंना द्यायचं म्हणजे आज एक तरी संपवायचं. एक उघडलं, प्रस्तावना वाचली, बंद केलं. दुसरं उघडलं, त्यात पहिल्याच पानावर पाऊस होता, नको वाटलं. तिसऱ्याला भाषा जड. चौथ्याची प्रस्तावना बरी होती म्हणून पाचव्याचीही वाचून बघितली. डोळ्यांत पाणीच आलं. वाटलं, आपलं वाचणंच गेलं. पोरी गेल्या, पुस्तकं गेली, आता हेही. अंधारात तो करडा पडदा घेऊन चांगली रडून घेतली आणि नाक पुसायला दिवा लावला तर बॅटरी सहा टक्के.

आता चार्जिंगचं. या पडद्याला एकदा उमटलेलं पान धरून ठेवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते. म्हणून म्हणे आठवडेच्या आठवडे चालतो. माझा दोन दिवसांत झोपायचा. बिघडलाय म्हणून धाकटीला मेसेज केला. तिचं उत्तर एका ओळीचं: "आई, एवढी पुस्तकं एकदम टाकलीस की तो प्रत्येक पुस्तक आत जाऊन वाचतो आणि शब्दांची सूची करतो, त्यात बॅटरी जाते."

म्हणजे माझी सगळी पुस्तकं त्यानं वाचली. मधमाश्यांचंसुद्धा. रशियन तर एका रात्रीत. मी प्रस्तावनांवर रडत होते आणि हा उशाशी पडून हरिभाऊ आपटे संपवत होता. मला एवढं हसू आलं की हे जागे झाले. "काय झालं?" म्हटलं, काही नाही, झोपा.

सकाळी आईंच्या हातात रीडर तसाच दिला. म्हटलं, आई, यातलं मी काही वाचलेलं नाही, तुम्हीच बघा. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. बोटानं यादी वरखाली करत बसल्या आणि कुणीतरी टाइप करून ठेवलेलं एक जुनं पाककृतींचं पुस्तक उघडलं. मी अक्षर सगळ्यात मोठं करून दिलं, ओळीत जेमतेम तीन शब्द. तेव्हापासून पुस्तकाशी भांडण चालू आहे. "एवढं तूप? ह्याच्या बाऽचं काय जातंय." "मीठ कवा घालायचं ते सांगितलंच न्हाई बघ." वन्सं शेजारी बसून माना डोलावतायत. दुपारची झोप दोघींनी सोडली.

संध्याकाळी हाक आली, "ह्यात भरताचं हाय का बघ." मी शोधायच्या खिडकीत "भरीत" टाइप केलं. त्या सूचीमुळे सगळ्या पुस्तकांतली भरतं एका क्षणात समोर आली. पाककृतीत एक, ते आईंना दाखवलं. त्यांनी ते चूक आहे म्हणून निकाल दिला. दुसरं निघालं एका शंभर वर्षांपूर्वीच्या कादंबरीत, चौदाव्या प्रकरणात. जेवायला पाहुणे बसलेत, पानात वांग्याचं भरीत आहे, आणि पाहुणा अचानक घास खाली ठेवतो.

का ठेवतो?

आई साडेनऊला झोपल्या, तेव्हा रीडर हळूच उचलून आणला. चौदापासून वाचतेय, आता अठरावं चालू आहे. मागचं काहीच माहीत नाही. कोण कुणाचा मामा तेही कळलेलं नाही. पण थोरली सून खोटं बोलतेय, एवढं नक्की. आणि त्या पाहुण्याला ते भरताच्या वेळीच कळलं होतं.